खांद्यावरचा बंप

सुरतेच्या भेस्तानात दुचाकीवरून माणूस पडला, की आधी मोबाइल वर होतात, मग गाडी उभी केली जाते, मग गाडीचं काय काय फुटलं याची मोजदाद होते, आणि शेवटी कुणाला तरी आठवतं की गाडीबरोबर एक माणूसही होता. तोवर तो बिचारा स्वतःच उठून, पँट झटकत ‘काही नाही, काही नाही’ म्हणत असतो. पडलेल्या माणसाचं हे ‘काही नाही’ प्रत्येक भाषेत खोटं असतं. भेस्तानात ते मराठी, गुजराती, हिंदी, भोजपुरी आणि उडिया अशा पाच भाषांत ऐकायला मिळतं, कारण उधना, पांडेसरा, सचिन या पट्ट्यातल्या लूमवर आणि मिलमध्ये त्या सगळ्या मुलखांतून माणसं आलेली आहेत. त्यांत आम्ही खानदेशी अगदी शेजारचे. धरणगाव, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार अशी स्टेशनं मागे टाकत गाडी उधन्याला लागली, की आमचा गाव संपतच नाही. लिंबायत, डिंडोली, भेस्तान असा तो पुढे चालूच राहतो.

पडण्याचंही एक शास्त्र आहे. पडताना जो हात पुढे टेकतो त्याचं मनगट जातं. जो टेकत नाही, तो थेट खांद्याच्या टोकावर आपटतो. आणि हात न टेकण्याची कारणं आमच्याकडे भरपूर. कुणाच्या हातात मोबाइल असतो, कुणाच्या मांडीवर गॅसचं सिलिंडर, कुणाच्या पुढ्यात कापडाच्या ताक्यांचं पोटलं. माझ्या शालकाच्या बाबतीत ते कारण लोचो होतं. रविवारी सकाळी नाश्त्याला लोचो आणायला जाणं हा सुरतेतला धर्म आहे आणि तो गरम असताना घरी पोचवणं हा त्याहून मोठा. अशा धर्मकार्यात असताना एका रात्रीत उगवलेल्या बंपवर त्याची मोटारसायकल उडाली. गतिरोधकाला सुरतेत सगळे बंपच म्हणतात. शालकाचा उजवा हात ॲक्सिलरेटरवरून सुटला नाही आणि डावा लोचोवरून. उजवा खांदा रस्त्याला जाऊन भेटला. लोचो शाबूत राहिला, वरची शेवसुद्धा सांडली नाही. घरी सगळ्यांनी तो मिटक्या मारत खाल्ला. उजव्या हाताचा माणूस डाव्या हाताने खातोय हे सासूबाईंच्या लक्षात आलं, तेव्हा कुठे प्रकरण उघडकीला आलं.

शर्ट काढून बघितलं तर खांद्याच्या टोकाशी हाडाचा एक ठळक उंचवटा. रस्त्यावरचा बंप खांद्यावर आला होता. बोटाने दाबला की हार्मोनियमच्या पट्टीसारखा खाली जायचा आणि बोट काढलं की परत वर यायचा. डॉक्टर मंडळी या खुणेला पियानोची पट्टी म्हणतात. आमच्या घरी त्या दुपारी ही पट्टी इतक्या जणांनी वाजवली, की शेवटी शालकाच्या तोंडून वेगळाच सूर निघाला.

आता या हाडाची थोडी माहिती घेऊ. गळ्याच्या खाली आडवं जाणारं, इंग्रजी एसच्या वळणाचं हे कॉलरबोन. त्याचं एक टोक छातीच्या मधल्या हाडाला टेकतं आणि दुसरं खांद्याच्या पात्याच्या कडेला. अख्ख्या हाताचं धडाशी हाडामार्फत जे काही नातं आहे, ते या एका काडीवर टिकलेलं असतं. बाकी सगळा कारभार स्नायूंचा. आईच्या पोटात जी हाडं सगळ्यांत आधी घडायला लागतात त्यांत याचा पहिला नंबर, आणि पूर्ण पक्कं व्हायला मात्र शेवटचा. छातीकडचं टोक सांधून यायला वयाची पंचविशी उजाडते. म्हणजे मुलगा कमावता झाला, त्याचा बायोडाटा चार गावांत फिरला, तरी कॉलरबोनचं शिक्षण अजून चालूच असतं.

खांद्याकडचा सांधा लहानसा, पण त्याला बांधून ठेवणाऱ्या दोऱ्या पक्क्या. एक जुडगा कॉलरबोनला पात्याच्या टोकाशी बांधतो. दुसरा, त्याहून दणकट, हाडाला खालून पात्याच्या चोचीसारख्या भागाशी जखडतो. यांना लिगामेंट म्हणतात. खांद्यावर आपटलं की या तुटतात. गंमत अशी, की बघणाऱ्याला वाटतं हाड वर आलं. खरं तर हाड बहुतेक तिथल्या तिथेच असतं. दोऱ्या तुटल्यामुळे हात आणि पातं आपल्या वजनाने खाली उतरतात. संसारातही वर गेलेला कोण आणि खाली उतरलेला कोण, याबद्दल अशी गफलत नेहमी होते. पण ते असो.

मग एक्स-रे झाला. आणि इथे शालकाच्या दुखण्याची पहिली मानहानी झाली. एक्स-रेत फ्रॅक्चर नव्हतं.

फ्रॅक्चर नाही म्हटल्यावर आमच्याकडे सहानुभूतीचा नळ एकदम बंद होतो. भेटायला आलेला माणूस दारातच विचारतो, ‘फ्रॅक्चर आहे का?’ नाही म्हटलं की तो चहा न पिता निघतो. लूमचे शेठ फोनवर म्हणाले, “फ्रॅक्चर नथी ने? तो पछी शुं?” खालच्या खोलीतला बिहारी कारीगर म्हणाला, “टूटा नहीं है न? तो काहे का दुख!” आणि गावाहून आलेल्या आजेसासूबाईंनी निकाल दिला, “हाड मोडनं नही ना? मंग कसाले चिंता करस?” तीन भाषांमध्ये इतकं एकमत देशाच्या दुसऱ्या कुठल्याही प्रश्नावर झालेलं माझ्या ऐकिवात नाही. मोडलेलं हाड सहा-आठ आठवड्यांत बहुधा जुळतं आणि मनुष्य विसरून जातो. तुटलेल्या लिगामेंटचं तसं नसतं, हे सांगायला गेलं तर ऐकणाऱ्याला वाटतं हा रजेचा बहाणा शोधतोय. प्लास्टरही नाही, म्हणजे त्यावर सह्या करायचीही सोय नाही.

मात्र औषधाचा पुरवठा थांबत नाही. पहिल्या दिवशी आंबेहळद, तुरटी आणि रक्त्याबोळाचा गरम लेप लागला. दुसऱ्या दिवशी गुजराती शेजारणीने मैदालाकडीचा लेप पाठवला, तोही पहिल्याच्या थरावर बसला. तिसऱ्या दिवशी साडूंनी त्यांच्या घरातला पट्टा आणून दिला. दोन्ही खांद्यांतून पाठीवर आठाच्या आकड्यात बांधायचा तो पट्टा. साडूंचं कॉलरबोन कधीकाळी मधोमध मोडलं होतं तेव्हाचा. त्यानंतर तो पट्टा त्यांच्या चुलतभावाने गुडघेदुखीला आणि मामांनी कंबरेला वापरला होता. पट्टा मोडलेल्या हाडासाठी होता, सांध्याच्या दुखापतीला तो उपयोगाचा नाही, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं. साडूंना ते अजून पटलेलं नाही. घरात पट्टा असताना तो वापरला नाही, हा त्यांच्या मते सासरकडून झालेला आणखी एक अपमान.

डॉक्टरांनी पुन्हा एक्स-रे काढायला लावला, तोही दोन्ही खांद्यांचा. दुखतो उजवा आणि फोटो डाव्याचाही, म्हणजे डॉक्टरचं कमिशन, असं आमच्या गल्लीने ठरवून टाकलं. वास्तविक कुठलं हाड किती सरकलंय हे कळायला न पडलेल्या खांद्याशी तुलना करावी लागते. पूर्वी तर रोग्याच्या दोन्ही हातांना वजनं लटकवून असा फोटो काढत. दुखऱ्या हाताला वजन बांधण्याची ती कल्पना आता बहुतेक ठिकाणी सोडून दिली आहे. रोग्यांनी त्याबद्दल कुठे तरी एक दगडी पाटी लावायला हरकत नाही.

या दुखापतीचे प्रकार सहा. अमेरिकेतले अस्थितज्ज्ञ चार्ल्स रॉकवूड यांनी 1984 मध्ये ही सहांची उतरंड पक्की केली. पहिल्यात लिगामेंट नुसती ताणलेली, दुसऱ्यात अर्धी कामातून गेलेली, तिसऱ्यात दोन्ही जुडगे तुटलेले. चौथ्यात हाड मागे स्नायूत घुसलेलं, पाचव्यात फारच वर राहिलेलं, आणि सहाव्यात चक्क खाली जाऊन अडकलेलं. हा सहावा इतका दुर्मिळ, की कित्येक डॉक्टरांची अख्खी कारकीर्द तो न बघता जाते. आपल्या सुश्रुतानेही निखळलेल्या सांध्यांचे प्रकार सहाच सांगितले आहेत: उत्पिष्ट, विश्लिष्ट, विवर्तित आणि पुढचे तीन. दोघांचे सहा एकमेकांशी जुळत नाहीत, पण ही बातमी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोचली, त्या रात्री रॉकवूडने सगळं आपल्याकडून चोरलं हे सिद्ध होऊन गेलं.

सुश्रुत वाचायला बसावं तर कॉलरबोनबद्दल तो मोठं रोखठोक सांगतो. हाड खाली दबलं असेल तर शेकून मुसळाने वर उचला. वर आलं असेल तर दाबा, आणि घट्ट बांधा. हे मी मोठ्याने वाचून दाखवलं तेव्हा सासूबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या, आणि शालक गॅलरीत. पुढे पथ्य येतं. हाड मोडलेल्याने खारट, तिखट, आंबट खाऊ नये, उन्हात जाऊ नये, कोरडं अन्न खाऊ नये. पहिलटकरीण गाईचं दूध तूप घालून सकाळी प्यावं. खानदेशी माणसाला तिखट सोडायला सांगणं म्हणजे एक सांधा वाचवायला बाकीचे सगळे मोडण्यासारखं झालं. शेवभाजी आणि भरीत सुश्रुताच्या काळात नव्हतं, तेव्हा ते त्याच्या बंदीत बसत नाही, असा निर्वाळा शालकाने स्वतःच देऊन टाकला.

ग्रीसच्या हिप्पोक्रेटिसने अडीच हजार वर्षांपूर्वी या सांध्याबद्दल एक इशारा देऊन ठेवलाय. बरेच जाणते वैद्यसुद्धा हा सांधा निखळला म्हणजे खांदाच उतरला असं समजतात, आणि तो बसवायच्या नादात रोग्याचे हाल करतात. त्याने हेही सांगितलं, की उंचवटा राहतो, पण हात कामाला येतो. पुढे रोममध्ये नाव कमावलेल्या गेलन या वैद्याला तर कुस्तीच्या आखाड्यात हीच दुखापत झाली होती. त्याने हिप्पोक्रेटिसच्या पद्धतीने घट्ट बांधून घेतलं आणि त्याचा त्रास लिहून ठेवला. वैद्यालाच दुखलं की शास्त्राला मोलाची भर पडते.

हिप्पोक्रेटिसचा तो इशारा भेस्तानात अजून पोचायचा आहे. शालक पडल्यावर तिथल्या तिथे एका इसमाने ‘खांदा उतरलाय, मी बसवतो’ म्हणत त्याचा हात धरला होता. हा इसम प्रत्येक अपघातात असतो. त्याने याआधी कधी कुणाचा खांदा बसवलेला नसतो, पण एकाला बसवताना पाहिलेलं असतं. खांदा उतरणं म्हणजे दंडाच्या हाडाचा गोळा खोबणीतून निसटणं. 23 मार्च 2021 ला पुण्याजवळ गहुंज्याच्या मैदानावर इंग्लंडविरुद्ध चेंडू अडवताना श्रेयस अय्यर डाव्या खांद्यावर पडला, तेव्हा त्याची दुखापत त्या सांध्याची होती. एप्रिलमध्ये शस्त्रक्रिया झाली, सप्टेंबरमध्ये तो आयपीएलमध्ये परतला आणि नोव्हेंबरमध्ये कानपूरला पहिल्याच कसोटीत शतक ठोकून मोकळा झाला. पानाच्या गल्ल्यावर तेव्हापासून प्रत्येक खांदेदुखीला अय्यरचं उदाहरण देतात: ‘तो आठ महिन्यांत शतक मारतो, तुला ताका उचलता येत नाही?’ अय्यरच्या मागे अख्खं क्रिकेट बोर्ड, फिजिओ आणि ट्रेनर होते. शालकाच्या मागे साडूंचा पट्टा होता.

मग ऑपरेशनचा प्रश्न आला. इथे गावाची दोन गटांत फाळणी झाली. एक गट म्हणे, कापायचंच नाही. दुसरा म्हणे, स्क्रू टाकून टाका, कटकट मिटेल. प्रत्यक्षात पहिल्या दोन प्रकारांना ऑपरेशन लागत नाही आणि शेवटच्या तीन प्रकारांत बहुधा ते करतात. घोळ तिसऱ्याचा आहे. आणि शालक नेमका तिसऱ्यात बसला, कारण आमच्या घरात सरळ सुटणारं काही येतच नाही. या तिसऱ्यावर सर्जन लोक गेली कित्येक वर्षं परिषदांमध्ये भांडतायत. कॅनडातल्या सर्जनांनी पूर्ण निखळलेल्या सांध्यांचे 83 रोगी घेऊन चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाला हुकची प्लेट बसवली, दुसऱ्याला हात गळ्यात अडकवायची झोळी आणि व्यायाम दिला. 2015 मध्ये निकाल छापून आला. सुरुवातीचे काही महिने झोळीवाल्यांचा हात जास्त चांगला चालत होता. पुढे दोन्ही गट सारखेच झाले. एक्स-रे मात्र प्लेटवाल्यांचा देखणा होता. लग्नाच्या फोटोत काय दिसतं आणि घरात काय चालतं यातला फरक आपल्याला माहीतच आहे.

ऑपरेशनचा इतिहासही सुरतेच्या माणसाला ओळखीचा वाटेल असा आहे. 1861 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत कूपर नावाच्या सर्जनाने हा सांधा चांदीच्या तारेने बांधला. चांदीची तार ओढून तिची जरी करणाऱ्या शहरात हे ऐकल्यावर एका जरीवाल्याने लगेच विचारलं, ‘केटला ग्राम?’ मग स्क्रू आले, तारा आल्या, प्लेट आल्या. आता हाड आणि चोच यांच्यामध्ये दोऱ्याने ओवलेली दोन बटणं बसवतात. हुकची प्लेट बसवली तर काही महिन्यांनी दुसरं ऑपरेशन करून ती काढावी लागते. हे दुसरं ऑपरेशन पहिल्याच्या वेळी नीट विचारून घ्यावं. पहिल्या वेळी नातेवाईक पैसे देतात, दुसऱ्या वेळी फोन उचलत नाहीत.

शालकाच्या वाट्याला झोळी आली. दोन-तीन आठवडे हात गळ्यात, सुरुवातीला बर्फ, दुखण्यावर गोळी. झोळीतल्या माणसाचे हाल ज्याने पाहिले नाहीत त्याने पायजम्याची नाडी एका हाताने बांधून बघावी. शर्ट घालताना आधी दुखरा हात, काढताना तोच शेवटी, हा नियम फिजिओने दिला आणि घरातल्या प्रत्येकाने उलटा पाठ केला. रात्री कुशीवर वळायचं नाही. एका हाताने भाकरी मोडता येत नाही, म्हणून बायकोने ती कुस्करून वाटीत दिली. ते पाहून शेजारचे आबा गहिवरले आणि म्हणाले, ‘आमच्या वेळी बायका असं करत नव्हत्या.’ आतून आजींनी उत्तर दिलं, ते इथे छापता येणार नाही. गणपतीत आरतीला डाव्या हाताने तबक धरावं की धरू नये यावर मंडळात चर्चा झाली आणि शेवटी शालकाला टाळ देण्यात आला. टाळाला दोन हात लागतात, हे आरती सुरू झाल्यावर लक्षात आलं.

झोळी सुटली आणि खरा उपचार सुरू झाला. इथेच बहुतेक लोक उपचार संपला असं समजतात. दुखतं म्हणून हात हलवायचा नाही, हलवला नाही म्हणून खांदा आखडतो, आखडला म्हणून आणखी दुखतो. फिजिओथेरपीत आधी हात नुसता सोडून झुलवायचा असतो. कंबरेत वाकायचं, हात खाली लोंबकळू द्यायचा आणि हळूहळू गोल फिरवायचा. शालक हे सोसायटीच्या अंगणात करायला गेला. पाच मिनिटांत तिघं जण त्याच्याबरोबर वाकून खाली बघू लागले. एकाने मोबाइलची बॅटरी लावली. ‘काय पडलं भाऊ, अंगठी?’ त्यांना व्यायाम म्हणून सांगितलं, तर ते वैतागून गेले. मदतीला आलेल्या माणसाला काहीच हरवलेलं नाही हे सांगणं फार वाईट.

मग बोटांनी भिंत चढणं आलं. रोज थोडं वर. सासूबाईंना रंगवलेल्या भिंतीवरचे डाग दिसत, हाताची उंची दिसत नसे. मग दारावर कप्पी आली आणि दोन टोकांना मुठी बांधलेली दोरी. चांगला हात ओढतो आणि दुखरा वर जातो. मग रबराचे पट्टे आणि खांद्याची पाती मागे खेचून धरणं. शेवटी वजन. मला या क्रमाचं कौतुक वाटलं ते सुश्रुतामुळे. मुसळाची भाषा करणारा हाच सुश्रुत तळहात मोडलेल्या माणसाला सांगतो, की आधी हातात मातीचा गोळा धर, मग मिठाचा खडा, आणि हातात बळ आलं की दगड. फिजिओची फी भरताना शालकाची कुरकुर होती. मी त्याला म्हटलं, हेच शास्त्र इतकी शतकं चालत आलंय. तो म्हणाला, “दाजी, मग सुश्रुताने माती फुकट दिली असेल.”

त्याची कुरकुर खोटी नव्हती. लूमवर पैसे मीटरवर मिळतात. कापड विणलं तर पगार, नाही तर नाही. तार तुटला की हात वर करून सांधायचा, बीम आलं की लोटायचं, ताका निघाला की खांद्यावर टाकायचा. सांधा गेलेल्याला जड काम तीन महिने तरी नको असं डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन झालं तर त्याहून जास्त. तीन महिने हा शब्द दवाखान्यात सोपा असतो. घरभाडं, शाळेची फी आणि गावाकडची आई यांच्यासमोर तो अवघड होतो. म्हणून आमच्याकडे कित्येक कारीगर झोळी खिशात घालून पाळीवर जातात, आणि डॉक्टरांच्या तारखेला परत गळ्यात घालून बसतात. ज्याच्या खात्यात ईएसआय आहे त्याने तिथे कागद घालून आजारपणाचा पैसा मागावा, आणि ज्या शेठने ईएसआय भरलेला नाही त्याच्या तब्येतीची चौकशी करायला एकदा चार जणांनी मिळून जावं. लोचो घेऊन गेलं तरी चालेल.

खांद्याची सामाजिक बाजू वेगळीच. मयतीला गेलं की चार जण बाजूला होतात आणि तुमच्यासाठी जागा करतात. झोळी सुटलेली असते, उंचवटा शर्टाखाली झाकलेला असतो, नाही म्हणायची सोय नसते. अशा वेळी न दुखणारी बाजू पुढे करून तिरडीच्या दुसऱ्या अंगाला जावं. मेलेला माणूस समजूतदार असतो, तो काही म्हणत नाही. दहीहंडीला मात्र नाही म्हणजे नाही. लिंबायत-डिंडोलीच्या थरांत खालच्या माणसाच्या खांद्यावर वरच्याचा पाय असतो, आणि तो नेमका याच सांध्यावर असतो.

आता पुढचं, वर्षानुवर्षांचं. उंचवटा जात नाही. सर्व लेप, पट्टे आणि नवस करूनही जात नाही. सांधा कधी कधी कटकट वाजतो, थंडीत ठणकतो, बॅग त्या खांद्यावर लटकवली की पट्टा रुततो. काहींचा सांधा काही वर्षांनी झिजतो, आणि फारच त्रास झाला तर कॉलरबोनच्या टोकाचा लहानसा तुकडा काढून टाकतात. 1941 पासूनचं हे ऑपरेशन आहे आणि त्यानंतरही हात चांगला चालतो. जिममध्ये जड वजनं उचलणाऱ्यांचं हे टोक न पडताही झिजतं, तेव्हा सहा महिन्यांत छाती फुगवायला निघालेल्या पोरांनी याची नोंद घ्यावी. बाकी बहुतेक लोक दोन-तीन महिन्यांत रोजच्या कामाला लागतात आणि पुढे उंचवट्याचा विषय फक्त बनियनमध्ये निघतो.

एका बाबतीत मात्र थट्टा नको. कॉलरबोनचं छातीकडचं टोक मार बसून आत, मागच्या बाजूला सरकलं, आणि श्वास लागायला लागला, गिळताना त्रास झाला, हाताला मुंग्या आल्या, तर आंबेहळद शोधत बसू नये. त्या टोकामागे श्वासनलिका आणि मोठ्या रक्तवाहिन्या असतात. 108 ला फोन करावा आणि मोठ्या इस्पितळात जावं. तो सांधा छातीच्या सर्जनला हाताशी ठेवूनच बसवतात. कॉलरबोनच्या दुखण्यातून राजेही सुटलेले नाहीत. इंग्लंडचा राजा तिसरा विल्यम 1702 मध्ये घोड्यावरून पडला. घोड्याचा पाय चिचुंद्रीसारख्या एका जनावराने उकरलेल्या मातीच्या ढिगात अडखळला होता. राजाचं कॉलरबोन मोडलं, पुढे न्यूमोनिया झाला आणि तो गेला. त्याचे शत्रू मग त्या जनावराच्या नावाने पेले उंचावू लागले. आमच्या बंपच्या नावाने अजून कुणी पेला उंचावलेला नाही. एक तर गुजरातेत दारूबंदी आहे, आणि दुसरं म्हणजे बंप कुणी बांधला हेच कधी कळत नाही.

तेव्हा भेस्तानकर बंधुभगिनींनो, पडाल तर हातातली पिशवी सोडा. लोचो परत मिळतो. ‘मी बसवतो’ म्हणणाऱ्याला हात लावू देऊ नका. फ्रॅक्चर नाही हे ऐकून घरी पळू नका, दोन्ही खांद्यांचा फोटो काढून प्रकार कितवा ते विचारा. ऑपरेशन सांगितलं तर कशासाठी, आणि प्लेट कधी काढणार, तेही विचारा. झोळी डॉक्टर सांगतील तितकेच दिवस घाला, एक दिवस कमी नाही आणि सहानुभूतीसाठी एक दिवस जास्तही नाही. मग व्यायाम, दुखणं थांबल्यावरही. हाड पहिल्यासारखं दिसत नाही म्हणून रडू नका. हात डोक्यावर गेला, भाकरी मोडता आली आणि ताका उचलता आला, की सांधा बरा झाला असं समजा.